सातमची फोडणी

शोभाबाईंच्या घरात काही फुकट गेलंय, असं सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. कोथिंबिरीची पानं भाजीत पडली की देठं ठेच्यासाठी बाजूला निघायची. दुधी सोलला की सालांची तीळ घालून चटणी व्हायची आणि ती दुधीच्या भाजीआधी संपायची. तुरीची डाळ शिजली की वरच्या पाण्याचं सार, खालचं वरण, आणि वरणही उरलंच तर दुसऱ्या दिवशी कणकेत मळून त्याच्या दशम्या. रात्रीची खिचडी सकाळी बेसन-कांदा अंगाला लावून तव्यावर यायची, तेव्हा भिंतीपलीकडून हमखास विचारणा व्हायची, की आज कसला सण काढलाय? गल्लीतल्या गाईनं तर त्यांच्या दारात थांबणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिलाही कळून चुकलं होतं की इथं आपला वाटा नाही.

याला काटकसर म्हणायचं असेल तर म्हणा. पण काटकसर करणाऱ्यांचं तोंड कसं आंबलेलं असतं, तसं शोभाबाईंचं नव्हतं. नवरा लवकर गेला, यंत्रमागाच्या बॉबिन भरण्याच्या कामावर त्यांनी पोराला वाढवलं, आणि त्या सगळ्या काळात वाल्मिकला आपण गरीब आहोत हे जेवताना कधी कळलं नाही. उरलेल्या अन्नाकडे त्या अशा बघायच्या, जशी एखादी हुशार बाई कापडाच्या तुकड्याकडे बघते आणि तिला त्यात झबलं दिसतं. हे असं बघता येणं ही देणगी आहे, आणि ती सगळ्यांना मिळत नाही.

अशा घरात वर्षा सून म्हणून आली, आणि ती लेक कुणाची? शालिग्राम आचाऱ्यांची! दोंडाईच्याच्या आसपास कुठंही लग्न ठरलं की मुलीच्या बापाला मंडपवाल्याआधी शालिग्राम आठवायचे. वरणबट्टी करावी तर त्यांनी आणि भरीत करावं तेही त्यांनीच. हात सढळ आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पंगतीत कुणी नुसतं "मीठ" असं म्हटलं, अगदी मागण्यासाठी म्हटलं, तरी ते झारा ठेवून मंडपाबाहेर जाऊन उभे राहायचे, आणि यजमानाला त्यांची मनधरणी करावी लागायची. घरात त्यांचे नियम दोन. एक, ताटात शिळं येणार नाही. दुसरा, त्यांच्या कढईला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. लग्नं नसली की घरचा स्वयंपाकही तेच करायचे. वर्षानं कांदे चिरावेत, लसूण सोलावा, मिरच्यांचे देठ काढावेत, फोडणीची वेळ आली की मात्र, "सरक तिकडं." भाजलं-बिजलं तर, हे कारण. फोडणीचा चर्र आवाज दाराआडून ऐकतच ती मोठी झाली.

सुरतेला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्यापुढं कुस्करा आला. रात्रीची भाकरी हातानं बारीक केलेली, वर कांदा-मिरचीची फोडणी. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. पुढं रोज काहीतरी कालचं ताटात येत राहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली तेव्हा झोक्यावर बसल्या बसल्या ती आईला बोलून गेली, "तिथं रोज शिळंच असतं गं." आईनं ते शालिग्रामांच्या कानावर घातलं. झालं! आचाऱ्याच्या लेकीला शिळं! पण लग्नसराई ऐन भरात होती, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते एवढंच म्हणाले, "लग्नं आटपू दे. मग जातो आणि घेऊनच येतो तिला."

त्या वेळी वर्षाला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

मग सासरी परतल्यावर एका संध्याकाळी काय झालं, शोभाबाई कामावरून आल्या त्या हाताला चिंधी बांधून. बोटं सुजली होती. ओट्यापाशी बसून त्या म्हणाल्या, "आज तू कर."

"मला नाही येत, आत्या," वर्षा म्हणाली; सासूला ती आत्याच म्हणायची. खरंच येत नव्हतं.

"आधी देख, काय काय उरेल शे. मंग ठरव." अहिराणीत एवढं सांगून त्यांनी झारा तिच्या हातात दिला.

झाकणं उघडून वर्षानं पाहिलं. थोडा भात होता, वाटीभर मटकी होती, एक टोमॅटो होता. तिनं तेल तापवलं, मोहरी टाकली, आणि तो चर्र आवाज आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हाताखालून आला. ती इतकी हरखली की मीठ दोनदा पडलं. शोभाबाईंनी एक घास खाल्ला, डोळे मिचकावले, आणि म्हणाल्या, "हाऊ भात उद्या पिठात घालू. थालीपीठले येगळं मीठ नको." बस, एवढंच. या घरात चूकसुद्धा फेकून देत नाहीत, हे वर्षाला त्या दिवशी कळलं, आणि तिचा या बाईवर जीव जडला.

तेव्हापासून सकाळी उठलं की तिचा पहिला हात झाकणांकडं जायचा. बघता बघता ती अशी तयार झाली, की शोभाबाई गल्लीत सांगत सुटल्या, सून माझ्याही पुढं जाणार. आता वर्षाला एकच घोर होता. वडील, म्हणजे नाना, आपलं बोलणं विसरले असतील तर बरं. इथून उचलून नेलं तर पुन्हा कांदे चिरायचे आणि दाराआड उभं राहायचं. आणि आत्याला कळलं की आपण माहेरी जाऊन काय सांगितलं, तर?

शालिग्राम विसरणाऱ्यांतले नव्हते. आषाढात लग्नं थांबली, श्रावणात ते मोकळे झाले, आणि नेमके आले ते शीतळा सातमच्या दिवशी.

ही सातम म्हणजे गुजराती लोकांची. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, संध्याकाळी चूल निववून, सारवून तिला कुंकू लावून फूल वाहायचं, आणि सातमला घरात विस्तव म्हणून पेटवायचा नाही. सगळ्यांनी आदल्या दिवशीचं थंड खायचं. शीतळामाता त्या रात्री चुलीच्या राखेत लोळायला येते, म्हणतात; चूल गरम असली तर ती पोळते आणि मग घरातल्या पोराबाळांना भोगावं लागतं. शोभाबाईंच्या खानदेशात हे काही नव्हतं. पण वाल्मिक लहान असताना गोवरानं फणफणला होता, तेव्हा पुढच्या खोलीत राहणाऱ्या घरमालकीण लीलाबेन त्याच्या उशाशी बसून राहिल्या होत्या आणि त्यांनीच मातेला सातम पाळायचा नवस बोलून घेतला होता. पोरगं वाचलं. तेव्हापासून शोभाबाई सातम पाळायच्या, लीलाबेनपेक्षाही कडक.

तर अशा दिवशी शालिग्राम उधना स्टेशनावर उतरले आणि रिक्षा करून गल्लीत आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत भरताची हिरवी वांगी. वाल्मिक लूमवर कामाला गेलेला. वर्षानं वाकून नमस्कार केला, पाणी दिलं. शालिग्रामांनी लेकीला नीट न्याहाळलं आणि तिची तब्येत सुधारलेली दिसली, याचाही त्यांना रागच आला असावा.

"चूल पेटव," ते म्हणाले. "आज मी भरीत करतो. माझी पोर आज पोटभर जेवू दे."

शोभाबाईंनी पदर सावरून व्याह्यांना हात जोडले. "याही, आज चूल नई पेटत. सातम शे."

"म्हणजे?"

"म्हणजे आज सगळं कालचंच."

शालिग्रामांच्या मिशा थरथरल्या. पंगतीत "मीठ" ऐकल्यावर थरथरायच्या तशाच. "सातम तुमची एक दिवसाची असंल, इहीनबाई. मनी पोर सांगस, आठे रोजच सातम शे! रोज कालनं! मी गावाले ताजं खाऊ घालस आन् मनी लेक आठे शियं खास?"

तो आवाज नऊशे माणसांच्या पंगतीत शेवटच्या पानापर्यंत पोचणारा होता. अरुंद गल्लीत तो कुठं मावणार? पुढच्या खोलीचं दार किलकिलं झालं. वर्षाला वाटलं, जमीन दुभंगावी. बाप बोलत होता ते सगळं तिचंच होतं, तिनंच झोक्यावर बसून सांगितलेलं.

"कपडा भर," शालिग्राम तिला म्हणाले. "संध्याकायनी गाडीथीन निघू."

शोभाबाई वर्षाकडं वळल्या. वर्षाला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"आत्या, मी तेव्हा..."

"तू सांगं ते खोटं थोडंच शे?" शोभाबाई म्हणाल्या. "शियंच तर व्हतं." आणि त्या चक्क हसल्या. थोडं ओलं होतं ते हसू, पण हसल्या. "जाशी तर जाय, बाई. पण मना घरथून उपाशी कोनी जात नई. तुना बापबी नई. देख, काय उरेल शे. आज जेवण तुना हातनं." एवढं बोलून त्या उठल्या आणि पुढं लीलाबेनकडे जाऊन बसल्या. मागं स्वयंपाकाची जागा, थंड शेगडी आणि वर्षा.

दुसरी एखादी सासू असती तर तिनं भांडण काढलं असतं, निदान आपल्या हातचं नावाजलेलं काहीतरी पुढं करून अब्रू वाचवली असती. सगळी अब्रू सुनेच्या हवाली करून शोभाबाई उठून गेल्या. याला छाती लागते.

शालिग्राम दाराबाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसले. वर्षानं डोळे पुसले आणि झाकणं उघडली.

कालच्या भाकऱ्या होत्या, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या. आता कडक झालेल्या. मोड आलेले मूग होते. गाडगंभर दही होतं. काल भाजून ठेवलेले शेंगदाणे, एक काकडी, कांदे, हिरव्या मिरच्या, लिंबू. रोजचा कुस्करा करायला सगळं होतं. फक्त फोडणी नव्हती, आणि कुस्कऱ्यात फोडणीशिवाय असतंच काय? इतकी वर्षं शोभाबाई सातमला भाकरी दह्यात कालवून मुकाट खायच्या. उरलेल्याला नवं करायची त्यांची सगळी विद्या विस्तवावर चालायची, आणि तो या एका दिवशी बंद.

पण काल संध्याकाळी चूल निववण्याआधी वर्षाच्या डोक्यात एक आलं होतं. शेवटच्या विस्तवावर तिनं लहान कढईत तेल तापवलं, मोहरी, जिरं, हिंग, भरपूर लसूण आणि लाल मिरच्या तडतडवल्या. लसूण सोनेरी झाल्याबरोबर तो आणि मिरच्या तेलातून उपसून कोरड्या डबीत घट्ट बंद करून ठेवल्या. तेल निराळ्या वाटीत. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जमलं तर जमलं, म्हणून ठेवलं होतं, आत्याला उद्या गंमत वाटेल एवढ्यासाठी.

आता ती गंमत राहिली नव्हती.

तिनं भाकऱ्या तळहातात चोळून चोळून बारीक केल्या. थोडा चुरा बाजूला ठेवला, बाकीचा घुसळलेल्या दह्यात भिजवून झाकून ठेवला. खलबत्त्यात शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या जाडसर कुटल्या. काकडी चोचवली, कांदा अगदी बारीक चिरला. घाई केली नाही. चुऱ्यानं दही पिऊन घेतल्यावर तिनं मूग, कूट, काकडी, कांदा घातला, मीठ घातलं, एकदाच, आणि लिंबू पिळलं. मग वाटीतलं तेल वरून सोडलं आणि हलक्या हातानं सगळं एक केलं. ताटात वाढल्यावर बाजूला ठेवलेला कोरडा चुरा वर भुरभुरला, आणि डबी उघडून लसूण आणि मिरच्या बोटांनी चुरून त्यावर टाकल्या. त्या मोडताना कुरकुरल्या. तो बारीक आवाज ऐकून वर्षाचा जीव भांड्यात पडला.

"नाना, जेवायला या."

शालिग्राम आले ते लेकीवर उपकार करायला आल्यासारखे. शोभाबाईही येऊन दाराशी बसल्या, त्यांच्यामागं लीलाबेन. शालिग्रामांनी पहिला घास घेतला. चावला. थांबले. दुसरा घास घेतला आणि एकदम ताट पुढं सरकवलं.

"फोडणी!" ते ओरडले. "चूल पेटवली तुम्ही! मला सांगता आज विस्तव नाही, आणि ही ताजी फोडणी कुठून आली? आचाऱ्याला फसवता?"

"हाय हाय, आजे चूलो पेटाव्यो?" लीलाबेननी कपाळाला हात लावला. सातमच्या दिवशी घरात विस्तव! शोभाबाईंचा चेहराही उतरला. त्यांनाही डबीचं ठाऊक नव्हतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं, आणि वर्षाच्या लक्षात आलं की आत्याच्या मनातही क्षणभर तेच आलंय.

वर्षा काही बोलायच्या आत शालिग्राम उठून शेगडीपाशी गेले. लबाडी उघडी पाडायची म्हणून त्यांनी शेगडीत हात घातला. राख गार होती. सारवलेल्या कडेवर कुंकू जसंच्या तसं होतं, फूल सुकून तिथंच चिकटलेलं. ते रॉकेलच्या स्टोकडं वळले, तोही थंड. मग ते राखेनं भरलेला हात तसाच घेऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांची जीभ फसली नव्हती.

"मग ही कुठली?" त्यांनी विचारलं, पण आता आवाज पंगतीतला नव्हता.

"कालची, नाना," वर्षा म्हणाली. तिनं रिकामी वाटी आणि डबी त्यांच्यापुढं ठेवली.

शालिग्रामांनी डबीचा वास घेतला. तळाशी राहिलेला लसणाचा तुकडा उचलून दातांखाली धरला. "हा मऊ नाही पडला?"

"तेलात ठेवला असता तर पडला असता. म्हणून उपसून वेगळा ठेवला. आणि सोनेरी होता होताच काढला, मागून रंग चढतो त्याला."

"कोणी शिकवलं?" असं म्हणत त्यांनी शोभाबाईंकडं पाहिलं.

"मी कोठेनं शिकाडू?" शोभाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं. "इतल्या वरीसनी सातम, आम्ही बिनफोडणीनंच खादं. माले कधी सुचनं नई. हाई तुमनी पोरनं डोकं शे, याही."

शालिग्राम हात धुऊन पुन्हा ताटावर बसले. या खेपेला मांडी नीट घातली. ते सावकाश जेवले, मोठमोठ्या घरी यजमान आग्रह करतात तेव्हाही ते असे जेवत नसत. ताट निपटून बोटं चाटली. मग लेकीकडं न बघता शोभाबाईंना म्हणाले, "इहीनबाई, लग्नात उरेल अन्न मी खड्डा खंदीसन बुजेल शे. टोपल्याच्या टोपल्या. तेन्हं कधी काही वाटलं नई. आन् हाई पोर... इतला वरीस मना घरमा व्हती. तिले मी एक डाव झारा नई दिधा."

वर्षाला राहवलं नाही. ती तोंडाला पदर लावून रडली, आणि बापानं तिला रडू दिलं.

दिवस कलायला आला तसे शालिग्राम उठले. वर्षाची पिशवी भरलेली नव्हती आणि त्यांनी तिची चौकशीही केली नाही. वर्षाच म्हणाली, "राहा ना, नाना. उद्या सकाळी चूल पेटेल. गरमगरम करून वाढते."

"गरम ते कोनी बी वाढी," शालिग्राम म्हणाले. "माले हाईच बांधी दे. तुनी मायले देखाडसू."

पातेल्यात वाडगाभर उरलं होतं, ते वाल्मिकसाठी. वर्षानं सासूकडं पाहिलं. शोभाबाईंनी पातेलं ओढलं, स्वतःच्या हातानं सगळं डब्यात भरलं, बोटानं कडा निपटल्या आणि झाकण घट्ट लावलं. वाल्मिकला लीलाबेनची थेपली मिळतील, त्या म्हणाल्या, त्याचं काही अडत नाही. मग डबा त्यांनी वर्षाच्या हातात दिला, बापाला तिनंच द्यावा म्हणून.

शालिग्राम रिक्षात बसले. पिशवी पायाशी टाकली. डबा मात्र दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला, आणि रिक्षा वळेपर्यंत तो तसाच धरलेला वर्षाला दिसत होता.